आधी मायले पाह्य

मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामांबरोबर एक गोऱ्हा पाहायला गेलो होतो. मामांचं गाव अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. त्यांना शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, भारी शौक. पट आहे असं कळलं की हातातलं काम टाकून निघायचे. ज्या कास्तकाराकडे आम्ही गेलो त्यानं गोऱ्हा धुऊन-पुसून, शिंगांना तेल लावून अंगणात बांधून ठेवला होता. पांढराशुभ्र, कान टवकारलेले, उभं राहणं असं की आता सुटतो की मग सुटतो. मला तो तिथल्या तिथे घरी घेऊन जावासा वाटला. मामांनी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "याची माय कोठी हाय?" एवढंच विचारलं आणि घरामागच्या गोठ्यात गेले.

तिथं एक उतारवयाची गाय रवंथ करत उभी होती. मामा तिच्यापाशी खाली बसले. चारही खूर पाहिले, गुडघ्यांवरून हात फिरवला, मग दावं सोडून तिला वीस पावलं चालवून आणायला सांगितलं. याच्या आधीची वासरं किती, ती कोणाकडे दिली, नांगराला कशी आहेत, उन्हात बसतात का, एखादं लंगडं निघालं का, असं सगळं विचारून घेतलं. अर्धा तास त्यात गेला. गोऱ्हा काही घेतला नाही. परतताना मी रुसूनच विचारलं, गोऱ्ह्याला का नाही पाहिलं? मामा म्हणाले, "पोराले काय पाह्यतं बाप्पा, ते त आज साजरंच दिसते. आधी मायले पाह्य."

हे वाक्य पुढं कित्येक वर्षं मनाच्या तळाशी पडून होतं. ते वर आलं २०२४ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या पुढं, दौंडच्या अलीकडच्या एका पागेत.

ती पागा माझ्या शाळूसोबत्याची. अकोल्याच्या जठारपेठेत आम्ही एका गल्लीत वाढलो. लग्नसराईत वरातीची घोडी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि हा नवरदेव सोडून घोडीकडे बघत बसायचा. पुढं नोकरीनं पुण्याला गेला, रेसकोर्सच्या कठड्याला टेकून घोडे पाहू लागला आणि पन्नाशीला आल्यावर नोकरी सोडून थोडी जमीन आणि चार थरोब्रेड घोड्या घेऊन बसला. चार घोड्या म्हणजे मोठ्या स्टड फार्मच्या हिशेबात काहीच नाही. त्याची मात्र सगळी पुंजी त्या चार ठाणांवर बांधलेली आहे. त्याचा फोन आला, "ये ना बे. दोन घोडे पाहून ठेवले, पण डोकं चालून नाही राहिलं." मी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस धरली.

त्याची अडचण सांगायला सोपी होती. पहिला वळू अठरा वर्षांचा. त्याची शिंगरं दहा-बारा वर्षं मुंबई-पुण्याच्या मैदानांवर धावत आहेत. डर्बी जिंकणारं एकही नाही, पण दरवर्षी पाच-सात तरी जिंकतात, पायांनी टिकतात, सहाव्या वर्षीही धावतात. दुसरा सहा वर्षांचा, परदेशातून नुकताच आलेला. बाप जगप्रसिद्ध, स्वतः मोठ्या शर्यतीत दुसरा आलेला, अंगानं देखणा. त्याचं एकही शिंगरू अजून जमिनीवर पडलेलं नाही. नव्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, म्हातारा सगळ्यांना पाठ. घोडी कोणाकडे न्यायची?

गाई-म्हशींच्या बाबतीत हा प्रश्न आता इतका कठीण राहिलेला नाही. मित्राची पागा ज्या सोलापूर रस्त्याला आहे त्याच रस्त्यावर उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगावच्या गोठ्यांपर्यंत पोचवल्या. एका वळूच्या शेकडो मुली निरनिराळ्या गोठ्यांत किती दूध देतात हे मोजायचं आणि मग तो वळू ठेवायचा की काढायचा हे ठरवायचं, याला संतती चाचणी म्हणतात. थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. घोडी वळूपाशी न्यायची, नैसर्गिक पद्धतीनं फळवायची, तरच त्या शिंगराची वंशावळीच्या वहीत नोंद होते. ही वही इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जाते. आपल्याकडे ते काम स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातून करते. म्हणजे उरुळीला एका वळूची परीक्षा शेकडो पोरांवर होते आणि त्याच रस्त्यावरच्या एखाद्या पागेत ती वर्षाला पंधरा-वीस शिंगरांवर.

ही परीक्षा किती लांबते तेही पाहा. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर घोडी फळवली तर अकरा महिन्यांनी, २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी ती विते. आपल्याकडे सगळ्या शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून ते शिंगरू २०२७ उजाडलं की दोन वर्षांचं धरतात. त्या वर्षाच्या शेवटी-शेवटी ते पहिल्यांदा मैदानात उतरणार. इंडियन डर्बी आपल्याकडे चार वर्षांच्या घोड्यांची, मुंबईच्या महालक्ष्मीवर, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटरची. त्या शिंगराच्या वाट्याला ती २०२९ मध्ये येणार. म्हणजे आज घेतलेला निर्णय बरोबर होता का चूक, हे पाच वर्षांनी समजणार. तोपर्यंत घोडी खाणार, शिंगरू खाणार, नालबंद दर महिन्या-सव्वामहिन्याला येणार, लसूणघासाचं पाणी चुकवून चालणार नाही. मोठ्या स्टडवाल्याचा एक वळू फसला तर दुसरा सावरून घेतो. चार घोड्यांच्या मालकाच्या एका घोडीचं वर्ष फसलं तर त्याच्या पागेचा चौथा हिस्सा रिकामा राहतो.

आणि तरीही, जगभर सगळ्यांत जास्त गर्दी होते ती न पारखलेल्या वळूकडे. केंटकीत तर याचं गणितच बसून गेलं आहे. शर्यतीतून नुकताच निवृत्त झालेला घोडा पहिल्या वर्षी महाग असतो, घोड्यांची रांग लागते. दुसऱ्या वर्षी उत्साह ओसरतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी दर पडतो, कारण आता त्याची शिंगरं धावायला उतरणार असतात आणि खरं काय ते उघडं पडण्याची भीती असते. ज्याला शिंगरू वर्षभराचं झालं की लिलावात विकायचं आहे त्याला पहिलं वर्ष बरं. त्याच्या मालाला अजून कोणी नावं ठेवलेली नसतात. इन्टू मिस्चिफ नावाच्या वळूची फी २००९ मध्ये १२,५०० डॉलर होती. २०१२ पर्यंत ती ७,५०० वर आली. मग त्याची पोरं धावली आणि पुढं हीच फी अडीच लाख डॉलरवर गेली. जो माणूस त्या पडत्या काळात, पहिली शिंगरं डोळ्यांनी पाहून, थोड्या पैशांत आपली घोडी घेऊन गेला, तो खरा जाणकार म्हणायचा. मला वाटतं स्वस्तात घोडे तयार करू पाहणाऱ्या माणसाची खरी जागा तीच आहे. नव्या वळूच्या पहिल्या वर्षाच्या गर्दीत त्यानं शिरू नये. शिंगरं जमिनीवर पडली आहेत पण मैदानात उतरलेली नाहीत, त्या मधल्या, कोणाला नको असलेल्या वर्षात शिरावं. तेव्हा निदान पाहायला काहीतरी असतं. त्यांचे गुडघे पाहता येतात, चाल पाहता येते, पाच-सहा आयांची पोरं एका बापावर किती गेली आहेत ते पाहता येतं.

आपल्याकडचा बाजार केंटकीसारखा नाही. मोठ्या स्टडचे वळू बहुतेक त्यांच्याच घोड्यांना लावले जातात, बाहेरची घोडी घ्यायची की नाही ते मालकाच्या मनावर. पुण्याच्या आसपास हे जग बऱ्याच काळापासून आहे. हडपसर-मांजरीच्या बाजूला पूनावाला स्टड १९४६ मध्ये सुरू झालं. सिरम इन्स्टिट्यूटची पाळंमुळंही त्याच पागेत आहेत. निवृत्त घोडे सीरम काढण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, त्यातून ही कल्पना निघाली आणि १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी स्वतःची संस्था काढली. तळेगावकडे नानोली, इकडे मांजरी, येरवडा, ही नावं रेसचं पुस्तक हाती धरणाऱ्याला ओळखीची. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्याची मैदानं, नोव्हेंबरपासून मुंबईची.

मराठी माणसानं या धंद्यात जगाच्या पटावर नाव केलं ते बडोद्याच्या गायकवाडांनी. १९४३ च्या पहिल्याच इंडियन डर्बीत प्रताप‍सिंहराव महाराजांची प्रिन्सेस ब्युटिफुल जिंकली, तीही घोडी. दोन वर्षांनी त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. वर्षभराच्या शिंगरासाठी तिथं तेवढी किंमत तोपर्यंत कोणी मोजली नव्हती. त्यानं अजून एकही शर्यत धावलेली नव्हती. किंमत होती ती भावाच्या नावाची: त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी, १९४५ मध्ये, इंग्लिश डर्बी जिंकला होता. महाराजांनी शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव, आपल्या आजोबांचं. १९४७ मध्ये त्यानं आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकल्या. पुढच्याच वर्षी महाराजांचा माय बाबू टू थाउजंड गिनीज जिंकला. हा फ्रान्समध्ये जन्मलेला, आधी त्याचं नाव लेरिन्स होतं.

वळू म्हणून दोघांचंही बरं झालं. सयाजीरावची मुलगी ग्लॅडनेस १९५८ मध्ये अॅस्कट गोल्ड कप जिंकली, मुलगा इंडियाना १९६४ मध्ये सेंट लेजर. माय बाबूचा मुलगा अवर बाबू १९५५ मध्ये बापाचीच शर्यत जिंकला. पण माय बाबूचं मोठं देणं बाहेर पडलं ते मुलीच्या पोटी. अमेरिकेत त्याची एक मुलगी होती, तिचं नाव केरला. तिचा मुलगा डॅमॅस्कस १९६७ मध्ये अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. बडोद्याच्या महाराजांनी न्यूमार्केटचं वॉरन प्लेस घेतलं होतं आणि माय बाबू तिथंच तयार झाला होता. त्याच वॉरन प्लेसमध्ये पुढं हेन्री सेसिलनं घोडे तयार केले. त्याच्याकडचा रझीन १९९० च्या एप्सम डर्बीत सगळ्यांचा लाडका होता, सर्वांत जास्त पैसा त्याच्यावर लागला होता. तो मागच्या झुंडीतच राहिला. मग तो हिंदुस्थानात आला, हरियाणातल्या उषा स्टडमध्ये, आणि इथं आघाडीचा वळू ठरला. सेसिलचाच प्लेसरव्हिल १९९३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स स्टेक्स जिंकून आला आणि त्यानंही इथं तेच केलं. विलायतेला एका दुपारी जो घोडा फसला, त्याच्या पोटी आपल्याकडे जिंकणारे घोडे निघाले.

हे सगळं मित्राला पाठ आहे. त्यामुळंच तो गोंधळलेला होता. त्याला नव्या घोड्यात रझीन दिसत होता. मी त्याला सेक्रेटरिएटची आठवण करून दिली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या, शेवटची बेलमाँट तर ३१ लांबींनी. त्याआधीच त्याचे वळू म्हणून हिस्से विकले गेले होते, एकूण ६० लाख ८० हजार डॉलरला. मुलगे मात्र बापासारखे निघाले नाहीत. कारकीर्द फसली असंच लोक म्हणत राहिले, आणि मग मुलींच्या पोटी ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट असे वळू निघाले, ज्यांनी पुढची कित्येक वर्षं भारून टाकली. सिगार नावाचा घोडा लागोपाठ सोळा शर्यती जिंकून पागेत गेला आणि एकही घोडी गाभण राहिली नाही. म्हणून नव्या वळूच्या बाबतीत पहिला प्रश्न बापाचा, शर्यतींचा, दिसण्याचा नसतो. पहिल्या हंगामात किती घोड्या नेल्या आणि किती गाभण राहिल्या, हा असतो. मित्रानं तो प्रश्न मालकाला विचारलाच नव्हता.

उलट टोकाला संडे सायलेन्स. मागचे पाय आत वळलेले, आईच्या बाजूला दाखवायला फारसं काही नाही, वर्षभराचा असताना लिलावात घ्यायला कोणी नाही, १७,००० डॉलरवर मालकानंच परत नेला. १९८९ मध्ये केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला. तरीही केंटकीच्या लोकांनी वळू म्हणून त्याचे हिस्से घेतले नाहीत. जपानच्या झेन्या योशिदांनी तो १९९० मध्ये नेला. १९९५ ते २००७, सलग तेरा वर्षं, जपानमधला अव्वल वळू तोच होता. केंटकीच्या माणसांनी त्याचे वाकडे मागचे पाय बरोबर पाहिले होते. पण त्या वाकड्या पायांनी तो कसा पळाला आणि कसा टिकला, याला त्यांनी कमी मोल दिलं.

संध्याकाळी आम्ही नवा घोडा पाहायला गेलो. मोतद्दारानं खरारा करून त्याला बाहेर काढलं. रंग गडद कुमैत, कपाळावर लहानसा टिळा, मागचा एक पाय पांढरा. आमच्या बाजूची जुनी माणसं असती तर आधी भोवरे मोजले असते. घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवायची रीत अजून सारंगखेड्याच्या बाजारात पाहायला मिळते, दत्तजयंतीला तापीच्या काठावर. मित्र भोवऱ्यांकडे पाहत नाही. त्यानं मोतद्दाराला सांगितलं, ओल्या मातीवरून सरळ चालव. घोडा चालून गेला आणि हा गुडघ्यावर बसून ठसे पाहू लागला. पुढच्या खुराचा ठसा जिथं पडला त्याच्या पुढं मागचा खूर किती जातो, ते त्यानं विती लावून मोजलं. चांगली वीतभर पुढं. म्हणजे खांदा मोकळा, पाठ लवचीक, पाऊल लांब. मग समोरून पाहिलं. डावा गुडघा किंचित बाहेर बसलेला. पुढचे पाय सरळ नसले तर धावताना भार एका बाजूला पडतो, आणि हे पोरांकडे जातं. मग बाजूला जाऊन पाहिलं. गुडघा मागं कललेला नाही, हे बरं. तेवढ्यात मागच्या ठाणावर कुणाच्या तरी हातून बादली निसटली. घोडा उसळला नाही. मान वळवून पाहिलं, एकदा फुरफुरला आणि परत उभा राहिला. मित्रानं वहीत आधी हे लिहिलं आणि गुडघ्याचं त्याच्या खाली.

घरी आल्यावर आम्ही दोन्ही वळूंची पानं समोर ठेवली. थरोब्रेडच्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक शिंगराचं एक पान असतं. त्यात वरचा थोडा भाग बापाला आणि बाकी सगळं पान आईला, आजीला, पणजीला. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठळक अक्षरांत. या जगात एका बापाच्या पोरांना भावंडं म्हणतच नाहीत. बापाची शंभर पोरं असतात, त्याला काय अर्थ? आई एक असेल तरच भाऊ-बहीण. हे मला मित्रानं सांगितलं तेव्हा मला मामांचा गोठा दिसला. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. पटात पळणारी पुष्कळ जनावरं बडवलेली असतात. जिंकणाऱ्या बैलाला पुढं पोरंच होत नाहीत, मग वंशाचा पत्ता लागायचा कुठून? गाईकडून, तिच्या आधीच्या वासरांकडून. वऱ्हाडातल्या पटशौकिनांनी ही वंशावळ कागदावर नाही, डोक्यात ठेवली. त्यात एक मोठं खिंडार पडलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केला. पण मधल्या साडेसात वर्षांत कोणती गाय कुणाकडे गेली, कोणाच्या पोटी काय झालं, हे सांगणारी माणसं म्हातारी झाली, काही गेली. आमच्याकडे तळेगाव दशासरला पट पुन्हा भरू लागला. तिथं मागं उभं राहून ऐकलं तर आता "कोणाचा हाय?" एवढंच विचारतात. "कोणाच्या पोटचा?" हे विचारणारे कमी झालेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मित्राची मुलगी सांख्यिकी शिकते. तिनं रात्री जेवताना एक हिशेब करून दाखवला, तो मी माझ्या डायरीत उतरवून घेतला. समजा एक वळू खरोखर चांगला आहे आणि त्याच्या दर दहा पोरांत सरासरी एक मोठी शर्यत जिंकतं. त्याच्या पहिल्या दहा पोरांत एकही न जिंकण्याची शक्यता किती? पस्तीस टक्के. म्हणजे दर तीन चांगल्या वळूंतला एक पहिल्या हंगामात टाकाऊ दिसणार. आणि दुसरा सुमार वळू, ज्याच्या वीस पोरांत एक निघतं, त्याच्या पहिल्या दहांत एखादं तरी जिंकण्याची शक्यता चाळीस टक्के. "म्हणजे काका, पुढं पेपरात याचं नाव आलं, तरी तुम्हाला काही कळलेलं नसेल." ती हे हसत म्हणाली. तिच्या बापानं पोळी खाली ठेवली.

शास्त्रज्ञांनी हे मोजलंही आहे. १९८८ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार घोड्याच्या पळण्यातल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग वंशातून येतो. एडिंबराच्या विल्सन आणि रॅम्बॉट यांनी हजारो घोड्यांची आयुष्यभराची कमाई तपासून २००८ मध्ये लिहिलं की कमाईतल्या फरकाचा साधारण दहावा भागच वंशातून येतो, आणि वळूची फी हे त्याच्या वंशाच्या गुणाचं भरवशाचं माप नाही. महाग वळूच्या पोरांना महाग खुराक, महाग ट्रेनर आणि महाग घोड्या मिळतात, त्यांची पोरं त्यामुळंही पळतात. २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल यांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकावरून घोडा कमी अंतराचा की लांब अंतराचा, हे बऱ्यापैकी सांगता येतं असं दाखवलं. आता रक्ताचा नमुना देऊन ती चाचणी होते. उपयोग आहे. वळू १००० मीटरचा आणि आपली घोडी त्याहून उतावळी असेल तर २४०० मीटरच्या डर्बीची स्वप्नं पाहू नयेत, एवढं त्यातून कळतं. पण घोडा मनापासून पळेल का, कठड्याला लागून दाबला गेला तर मागं हटेल का, याची चाचणी नाही.

मग मी मित्राच्या घोड्या पाहिल्या. वळूंवर दोन दिवस बोलल्यानंतर घोड्यांकडे जायला आम्हाला तिसरा दिवस उजाडला, याची लाज वाटायला हवी होती. पहिली बारा वर्षांची, तिची पाच शिंगरं धावली, चार जिंकली, बाप निरनिराळे. दुसरी तिचीच मुलगी, कधी व्यालेली नाही. तिसरी मैदानात चांगली पळाली पण तिची दोन्ही शिंगरं सुमार निघाली. चौथी गेल्या वर्षी अडून व्याली होती, अजून अंगावर आलेली नव्हती.

त्या रात्री ओसरीवर आम्ही बराच वेळ बोललो आणि जे ठरलं ते मित्रानंच ठरवलं. बारा वर्षांची घोडी न्यायची नव्या वळूकडे. तिची पाच पोरं पाच तऱ्हेच्या बापांची, तरी पळाली. म्हणजे ती कुणाचंही वाया जाऊ देत नाही. तिच्या पोटी नव्या घोड्याचं शिंगरू सुमार निघालं तर दोष कोणाचा, हे समजेल. कधी न व्यालेली तिची मुलगी मात्र न्यायची म्हाताऱ्याकडे. तिची स्वतःची परीक्षा व्हायची आहे, तर निदान बाप तरी माहितीचा असावा. घोडीही कोरी आणि वळूही कोरा, असं शिंगरू चांगलं निघालं तरी ते कशामुळं निघालं हे कळत नाही, वाईट निघालं तरी कळत नाही. सगळं वर्ष गेलं आणि वहीत लिहायला काही नाही. तिसरी घोडी विकायची, हे त्याच्या तोंडून निघायला मध्यरात्र झाली. तिला तो स्वतः तिच्या लहानपणापासून चारत आला होता. चौथीला वर्षभर मोकळी ठेवायची.

"चार घोड्या आणि दोनच फळवायच्या?" मी विचारलं.

"दोनच परवडतात बे," तो म्हणाला. "बाकीच्या दोन म्या हौसेनं फळवल्या असत्या."

मला वाटतं या धंद्यात थोड्या पैशांत शिरणाऱ्यानं लक्षात ठेवायची गोष्ट हीच. स्वस्त वळू शोधणं फारसं अवघड नाही. आपल्याकडच्या घोडीबद्दल खरं बोलणं अवघड आहे. मोठ्या स्टडकडे शंभर घोड्या असतात, त्यांत दहा सुमार निघाल्या तरी झाकल्या जातात. लहान माणसाची एक सुमार घोडी दहा वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर चरते आणि दरवर्षी तो बापाला दोष देतो. नवा वळू त्याला याच कारणानं आवडतो. जुन्या वळूंनी त्या घोडीबद्दल सांगितलेलं त्याला पुन्हा ऐकायचं नसतं.

अकोल्याला परत आलो तेव्हा मामांना भेटायला गेलो. आता ऐंशीच्या पुढं आहेत, पटाला जात नाहीत, टीव्हीवर पाहतात. मोबाइलवर त्यांना नव्या वळूचे फोटो दाखवले. चष्मा लावून, फोटो मोठा करून डावा गुडघा बराच वेळ पाहिला. "चाल चांगली असन याची," एवढंच म्हणाले. मी विचारलं कशावरून. "गुडघा बाहेर बसला तरी पायाचा घोळ नाही." मित्रानं विती लावून मोजलेलं त्यांनी फोटोवरून सांगितलं. मग घोडीचा फोटो मागितला. तो माझ्याकडे नव्हता. मित्राला फोन लावला, त्यानं रात्री उठून टॉर्चच्या उजेडात काढून पाठवला. मामांनी तो मात्र पुन्हा पुन्हा पाहिला.

२०२५ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे तीनच्या सुमाराला, बारा वर्षांची ती घोडी व्याली. मादी शिंगरू. मित्रानं व्हिडिओ पाठवला. पेंढ्यात थरथरणारी, चारही पाय चार दिशांना, उठायचा प्रयत्न करते आणि बसते, पुन्हा उठते. चौथ्या खेपेला उभी राहिली. कपाळावर बापासारखाच लहान टिळा. पाय सरळ दिसतात का, हे मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलं, पण तेव्हा कोणाचेच पाय सरळ नसतात. म्हाताऱ्याकडे नेलेली घोडी पंधरा दिवसांनी व्याली, नर.

पुढं मी पागेत गेलो तेव्हा नोंदणीचं काम चाललं होतं. शिंगराच्या आयाळीतून मुळासकट केस उपटून पाकिटात भरतात, त्यावरून आई-बापाची खात्री केली जाते. मोतद्दारानं शिंगरू धरलं, मित्रानं केस उपटले, शिंगरू किंचाळलं नाही, फक्त आईच्या मागं जाऊन उभं राहिलं. पाकिटावर नाव लिहायची जागा रिकामी. या वयात त्यांना नाव नसतं. आईचं नाव, बापाचं नाव आणि साल, एवढंच. मित्रानं बापाचं नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, पेन उचललं, मग आईच्या नावाखाली हळूच एक रेघ ओढली आणि पाकीट बंद केलं.